तुझा फोन अजून नाशिकलाच राहतो

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सअ‍ॅपवर लांब काही लिहिलं की तू अर्ध्यात सोडून अंगठा पाठवतेस, म्हणून हा ईमेल. चहा घेऊन बस आणि पुरता वाच.

स्टुटगार्टमध्ये आता मस्त रुळलेय, असं तू सगळ्यांना सांगतेस. रुळली असशील. पण तुझा फोन काही रुळलेला नाही, तो अजून नाशिकलाच राहतो. ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलं, तेव्हा विसर्ग किती क्युसेक झाला हे तुला आमच्या आधी कळलं. दुतोंड्या मारुतीला पाणी लागल्याचा व्हिडिओसुद्धा तूच मला पाठवलास. मी तेव्हा कॉलेज रोडला शिंप्याकडे उभी होते आणि इथे नुसती भुरभुर होती. आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी अकराला तुझ्या ऑफिसातले सगळे फोन एकदम किंचाळले, तेव्हा तू जिना उतरायला निघालीस म्हणे! धोक्याच्या इशाऱ्याची ती देशभराची चाचणी होती, आधीपासून जाहीर झालेली. टॉवरवरून सगळ्या फोनवर एकदम इशारा पाठवायची ही सोय जर्मनीत २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. आपल्याकडेही त्याच वर्षी चाचणीचे संदेश आले होते, आठवतं? बाबांच्या हातातून फोन वरणात पडता पडता वाचला होता. तर सांगायचं ते हे, की गोदावरीची पातळी तुला ठाऊक आणि राहतेस त्या गावातला भोंगा कशाचा ते ठाऊक नाही. नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला घर आहे म्हणून आपण काही कॅनडात राहत नाही. तसंच आहे हे.

आता कॅमेऱ्याबद्दल. जाण्याआधी दारावर बसवून गेलीस, आमच्या काळजीपोटी, ते मान्य. बाबा तर हल्ली दूध घ्यायलासुद्धा भांग पाडून जातात. पण परवा तुझा मेसेज आला, 'आई, घंटागाडी निघून गेली, तू डबा खाली नेलाच नाहीस.' बाबा खूप हसले. मला हसू आलं नाही. घंटागाडी आपल्याकडे आठाला येते, म्हणजे तुझ्याकडे तेव्हा पहाटेचे साडेचार. साडेचारला जागी राहून तू आमच्या दाराकडे बघत बसली होतीस? झोप येत नसेल तर तसं सांग, फोन कर, आम्ही उठलेलेच असतो. पण कचऱ्याच्या डब्यावर पाळत नको. त्या अ‍ॅपमधून तू स्वतःहून बाहेर पड. पासवर्ड बाबांकडे राहू दे, ते तो विसरतील, आणि मग कॅमेरा आपोआप शोभेचा होईल.

तसंच ते किराण्याचं. तिथे बसून तू इथे पालक मागवतेस, तो प्लॅस्टिकमध्ये घामेजून येतो. बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो गं अजून, आणि मी तिथे नुसत्या भाजीसाठी जात नाही. बाबांची औषधं मागवतेस ती मागव. त्या दुकानापाशी पार्किंग मिळत नाही.

आता बँकेचा, म्हणजे माझ्या हक्काचा विषय. पस्तीस वर्षं बँकेत काढल्यावर एवढं तर मी बोलणारच. तुझं इथलं सिम माझ्या जुन्या फोनमध्ये पडलंय. तुला काही व्यवहार करायचा झाला की रात्री साडेअकराला तुझा फोन येतो, मी चष्मा शोधते आणि सहा आकडे मोठ्याने वाचून दाखवते. ज्या बाईने जन्मभर गिऱ्हाइकांना 'ओटीपी कुणालाही सांगू नका' म्हणून बजावलं, तिच्यावर ही पाळी! शिवाय मला ताप आला, फोन बिघडला किंवा आम्ही वणीला दर्शनाला गेलो आणि गडावर रेंज नसली, की तुझे पैसे अडकले. ते सिम तुझ्याजवळ हवं. तुझ्या फोनमध्ये दोन सिमची सोय आहे. तिथलं सिम पहिलं, कॉल आणि इंटरनेट त्याच्यावर. इथलं दुसरं, त्याचं डेटा रोमिंग बंद, नुसते एसएमएस येण्यापुरतं. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, पण इथून निघण्याआधी रोमिंग चालू केलेलं असावं लागतं, ते मी कंपनीकडून करून घेतलंय. रिचार्जची तारीख मात्र तू तुझ्या कॅलेंडरमध्ये टाक. नव्वद दिवस वापर नाही आणि शिल्लक वीस रुपयांच्या खाली, असा नंबर कंपनी बंद करू शकते. तो एकदा दुसऱ्याला गेला, की बँकेपासून आधारपर्यंत सगळीकडे धावाधाव.

तिथल्या नंबरवर यूपीआय का चालत नाही, असं विचारलं होतंस. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने २०२३ च्या जानेवारीत परदेशी नंबरांना परवानगी दिली ती दहा देशांपुरती. सिंगापूर, अमेरिका, इंग्लंड, आखातातले काही देश वगैरे, आणि त्यात जर्मनी नव्हता. तेसुद्धा परदेशात राहणाऱ्या भारतीयांच्या खात्यालाच, म्हणजे एनआरई (तिथल्या कमाईचं) किंवा एनआरओ (इथल्या पैशांचं). तुझं खातं अजून साधं बचत खातं आहे, आणि परदेशात नोकरीला गेलेल्या माणसाने ते तसंच चालवायचं नसतं. फेमात, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, ते बसत नाही, एनआरओ करून घ्यावं लागतं. त्यातल्या व्याजावर ३० टक्के टीडीएस कापतात, म्हणून तिथून पैसे पाठवशील ते एनआरईमध्ये पाठव. 'कुणाला कळतंय' हे वाक्य मी काउंटरवर फार जणांच्या तोंडून ऐकलंय.

तिथल्या बँकेच्या अ‍ॅपचं तू रडून सांगितलंस. सुरू करायचा कोड पोस्टाने पाठवला आणि तो परत गेला. अगं, टपालपेटीवर तुझं नाव नव्हतं, मग पोस्टमन टाकणार कुठे? तिथे फ्लॅट नंबर नसतो, पेटीवरचं नावच पत्ता असतो. आणि नुसतं 'सई' लिहू नकोस. आपल्या पासपोर्टवर बापाचं नाव तुझ्या नावाच्या रांगेत गेलंय, त्यामुळे तिथली कागदपत्रं तुला 'सई प्रमोद' म्हणूनच ओळखतात. पेटीवर आडनाव ठळक हवं. (तो पासपोर्ट आपल्याच नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापलेला. तरी आपलं नाव कसं लिहायचं ते त्याला उमगलं नाही, म्हणजे बघ.)

प्ले स्टोअरचा देशही अजून भारतच ठेवलायस, म्हणून तिथली काही अ‍ॅप दिसत नाहीत. तिथलं कार्ड जोडून तो बदल, पण विचार करून बदल, कारण वर्षातून एकदाच बदलता येतो. महिन्याचं रेल्वेचं तिकीट फोनमध्ये ठेवतेस ना? मग बॅटरी संपली की तू विनातिकीट, आणि दंड ६० युरोपर्यंत. पॉवर बँक पर्समध्ये असू दे, ड्रॉवरमध्ये नको.

'माझ्या', 'तुझ्या'च्या जागी तू पाठवतेस ते 'मायझा', 'तुयझा' वाचून आधी मला वाटलं तू घाईत आहेस. मग बाबांनी शोध लावला की जर्मन कळफलकावर वाय आणि झेडची अदलाबदल असते. ऑफिसच्या लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायचं असेल तर हे होणारच. इनस्क्रिप्ट हा देवनागरीचा कळफलक शीक, आठवडाभर बोटं दुखतील. तो कळांच्या जागेवर चालतो, वर काय छापलंय त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

मिक्सर लाव बिनधास्त, तिथेही २३० व्होल्टच आहे, फक्त आपली जाड तीन पिनांची पिन बसत नाही, चांगला अ‍ॅडॉप्टर घे. आणि बाबांनी जुनं नाटक टोरेंटवरून उतरवून मागितलं तर सरळ नाही म्हण. तिथे अशा डाउनलोडबद्दल वकिलाची पत्रं येतात, शेकडो युरो मागणारी, आणि ज्याच्या नावावर वायफाय आहे त्याला येतात. तुझ्या घरमालकीणबाईंना ते नाटक कळणारही नाही.

एनआरओचा अर्ज याच ईमेलला जोडलाय. सही पासपोर्टवरच्यासारखी कर, ऑफिसात करतेस ती वळणदार नको. साक्षांकन म्युनिकच्या आपल्या वकिलातीतून लागेल, स्टुटगार्ट त्यांच्याकडेच येतं, वेळ आधी घेऊन जा. दिवाळीनंतर मावशीचा नीरज फ्रँकफर्टला येतोय, त्याच्याबरोबर सिम पाठवते. ते चिवड्याच्या डब्यात शोधू नकोस, त्याच्या पासपोर्टच्या पाऊचमध्ये असेल. भेटल्याबरोबर आधी ते मागून घे, चिवड्याचं नंतर बघ, तो निम्मा त्याने वाटेतच संपवलेला असेल.

तुझी,
आई