खुर्ची बघून आलोय, माप पाठव

प्रिय मनू,

काल फोनवर दोघांचाही आवाज चढला. तू "मी काय म्हातारी झालो काय व्हीलचेअरवर बसायला, वॉकर बास झाला मला" म्हणून फोन ठेवलास आणि मग तुझी आई किती तरी वेळ मला बोलत होती, ऑपरेशन झालेल्या पोरीशी असं बोलतात काय म्हणून. म्हणून लिहितोय. शनिवारी पुण्यातनं डिस्चार्ज, दाद्या पहाटेच गाडी काढणार आहे, त्याच्या आधी हे सगळं वाच आणि वाचल्या वाचल्या नको म्हणू नकोस.

आज दुपारी लेथ पोरांवर सोपवून सीपीआर दवाखान्याच्या बाजूला सर्जिकलची दुकानं आहेत तिकडं गेलो. पहिल्या दुकानात साधी फोल्डिंगची खुर्ची पुढं केली, फूटरेस्ट फिक्स. त्यात पाय गुडघ्यातून वाकवूनच बसावं लागतं आणि खाली लोंबकळतो. तुझा डावा पाय ब्रेसमध्ये सरळ, हाडाला प्लेट टाकलेली, तो खाली लोंबत राहिला की सूज उतरणार कशी? म्हणून लेग रेस्ट वर उचलणारी पाहिजे. ती प्रत्येक दुकानात आहे असं सांगतात, पण हात लावून बघितलं की फरक कळतो.

एका खुर्चीचं लेग रेस्ट मी स्वतः बसून वर घेतलं. वर जाताना सोपं आहे, कट कट करत खाचेत बसत जातं. खाली आणताना बाजूची कडी दाबायची. दुकानातल्या पोरानं कडी दाबली आणि माझा पाय खाडकन खाली आदळला, माझा धडधाकट पाय होता म्हणून बरं. तुझा असता तर? हे मी मुद्दाम सांगतोय, कारण तू एकटी बसलेली असताना हात खाली घालून ती कडी दाबणार, मला माहिती आहे तुझा स्वभाव. कडी दाबायच्या आधी कुणीतरी टाचेखाली आणि पोटरीखाली हात धरायचा, मगच. आई असेल, मी असेन, काकी असेल, हाक मारायची. लाज कसली त्यात.

दुसरी गोष्ट सेंटरची, म्हणजे पाय ज्या सांध्याभोवती फिरतो त्याची. लेग रेस्टचा सांधा असतो तो सीटच्या पाइपपाशी आणि आपला गुडघा त्याच्या वर. दोन सेंटर वेगळी, त्यामुळं पाय खाली असताना फूटप्लेटचं माप बरोबर बसतं, पण सरळ वर घेतला की लांबी कमी पडते आणि फूटप्लेट तळव्याला रेटा देते, गुडघा वर उचलला जातो. उद्यमनगरात लेथवर इतकी वर्षं काढली, हे मला बसल्या बसल्या जाणवलं, दुकानदाराला दोनदा सांगावं लागलं. चांगल्या खुर्चीत लेग रेस्ट वर जाताना थोडं लांब पण होत जातं. तसलं मिळालं तर ते, नाहीतर फूटप्लेटचा बोल्ट सैल करून मी तुझ्या पायाला सेट करून देतो, पाना लावायचं काम आहे. पोटरीच्या मागं गादी असते तीही बघितली, एका खुर्चीत गादी नुसती रेक्झिनचा पट्टा होती, आत काही नाही. ती नको. सगळं वजन त्या गादीवर येतं आणि पोटरीलाच काचलं तर काय उपयोग.

पोटरीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. पोटरी दुखायला लागली, टणक वाटली, एका बाजूची सूज अचानक वाढली, गरम लागली, तर लपवायचं नाही. रात्री दोन वाजता असलं तरी उठवायचं. आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर मला विचारत बसायचं नाही, सरळ दवाखाना. रक्त पातळ राहायची गोळी दिली आहे ती एक दिवस पण चुकवू नकोस, आणि पंजा वर खाली हलवायला डॉक्टरांनी सांगितलंय तो हलवत राहा, गाडीत सुद्धा. तात्यांचं नाव काढणार नव्हतो, पण काढलं. ते पण "काही नाही, जरा पोटरी धरली आहे" असंच म्हणत होते.

तू लपवतीस हे मला माहिती आहे म्हणून म्हणतो. आठवीत असताना गांधी मैदानावर गोलकीपर होतीस, मनगट सुजलं होतं आणि तू शाळेच्या स्वेटरची बाही ओढून ओढून फिरत होतीस, का तर सेमीफायनल होती. आईला वाटलं पोरीला थंडी वाजते. कंपास पेटीचं झाकण उघडता येईना तेव्हा पकडलं तुला. एक्सरे बघून डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले, मला काय बोलावं कळेना. आणि खरं सांगतो, राग आलेला पण आतून छाती भरून आली होती, तुटक्या मनगटानं पोरीनं बॉल अडवला म्हणून. पेठेत सगळ्यांना सांगत फिरलो. ते तेव्हा ठीक होतं. आता ठीक नाही. पुण्यात गाडी घसरली तेव्हा पण आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, ते सुद्धा तुझ्या रूममेटकडून.

हे बघ, परत तेच सुरू झालं माझं. खुर्चीचंच सांगतो.

दोन्ही बाजूला उचलणारं लेग रेस्ट घ्यायची गरज नाही. डाव्याला ते, उजव्याला साधं. उजव्याचं काढून ठेवलं तर उजवा पाय जमिनीला टेकवून रेटा देत तू घरातल्या घरात स्वतः फिरू शकशील, कुणी ढकलायला नको, हे तुला आवडेल असं वाटतंय. पण त्यासाठी सीट फार उंच नको, पाय पूर्ण टेकला पाहिजे. दुकानदार डावं उजवं म्हणतो ते समोर उभं राहून का खुर्चीत बसून, हे मी विचारून घेतलंय. हाताची बाजू निघणारी पाहिजे म्हणजे पलंगावरून सरकून बसता येतं. बसताना उठताना आधी दोन्ही ब्रेक, मग लेग रेस्ट बाजूला फिरवायचं, फूटप्लेटवर कधीच उभं राहायचं नाही, खुर्ची पुढं पालथी होते. ते फिरवायचं लॉक मी हलवून हलवून बघितलं, एकाला एवढा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, होती की दोन आठवड्यात ढिलं झालं असतं.

पाय सरळ वर घेतला की मांडीमागच्या शिरा ओढतात आणि माणूस नकळत पुढं घसरत जातो, मग माकडहाडावर बसल्यासारखं होतं. त्यासाठी पाठ थोडी मागं जाणारी खुर्ची चांगली, पण ती लांबडी आणि जड असते, आपल्या बोळातून वळायची नाही. मी मधला मार्ग काढलाय, पाठ साधी, सीटवर चांगली उशी आणि एका वेळी फार वेळ बसायचं नाही. आणि खुर्चीवर पाय वर घेतला म्हणजे सूज उतरली असं समजू नकोस. पाय छातीच्या वर गेला पाहिजे, ते पलंगावर आडवं होऊन उशा लावूनच होतं. खुर्ची जेवायला, सोप्यात बसायला, दारात ऊन खायला.

घराची मापं घेतली. मधल्या खोलीचं दार सत्तावीस इंच. अठरा इंची सीटची खुर्ची बाहेरून पंचवीस सव्वीस भरते, म्हणजे जाते पण हात आत ठेवायचे, नाहीतर बोटांची सालं निघतील. पाय पुढं असल्यावर पॅसेजमध्ये वळणार नाही, रिव्हर्सच घ्यावी लागेल. उंबरा तीन इंच आहे, उंचीच्या बारा पट लांबी धरायची म्हणून तीन फुटाचा उतार चेकर प्लेटचा, नक्षी उठवलेल्या पत्र्याचा, करतोय, रेती लावून खरबरीत करून, तुझी आई म्हणते रंग पण दे. बाथरूममध्ये खुर्ची जात नाही, तिथं तुझा वॉकर. बघ, वॉकर लागणारच आहे, तू म्हणालीस ते काही सगळं चूक नव्हतं. पण सहा आठवडे पाय टेकवायचाच नाही म्हटल्यावर एका पायावर उड्या मारत स्वयंपाकघरापर्यंत जाणार, फरशी ओली असणार, आणि परत पडलीस तर त्या प्लेटचं काय होईल याचा विचार मला झोपू देत नाही.

म्हातारी झालो काय म्हणालीस ते लागलं मला. ही घडीची खुर्ची, खाली कात्रीसारखे पाइप असतात ती, 1933 साली अमेरिकेत एव्हरेस्ट आणि जेनिंग्ज या दोन इंजिनिअर मित्रांनी बनवली. एव्हरेस्टची पाठ खाणीतल्या अपघातात मोडली होती, गाडीत घालून नेता येईल अशी खुर्ची त्याला पाहिजे होती. कामाला जाणाऱ्या माणसासाठी बनलेली वस्तू आहे ती. आणि लांब कशाला जायचं, आपल्या कोल्हापुरात नसीमादीदींनी स्वतः व्हीलचेअरवर बसून 1984 ला हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली, किती पोरं तिथं शिकली. त्यांना कुणी बिचारी म्हणून बघत नाही. तुला तर काही आठवड्यांचाच प्रश्न आहे. जास्त बोललो असेन तर राग मानू नकोस, तुला लेक्चर आवडत नाही हे माहिती आहे मला.

खुर्ची भाड्यानं घेतोय, डिपॉझिट परत मिळतं, म्हणजे पैसे वाया गेले म्हणून भांडू नकोस. आईनं पायांचं सूप करायचं ठरवलंय, काकीनं तुझ्यासाठी खालची खोली रिकामी केली, पेटी माळ्यावर टाकली. आत्याला अजून सांगितलेलं नाही, ती लगेच निघून येईल.

गाडीत मागच्या सीटवर आडवी बस, पाय सीटवर सरळ, खाली उशी, दाद्याला सांगितलंय घाई करायची नाही आणि मध्ये थांबायचं. थांबला की फोन कर, कसं वाटतंय ते खरं सांग, "बरं आहे" एवढंच नको, पोटरीचं वेगळं सांग.

आता दोन कामं तुझ्याकडं. एक, उद्या राउंडला डॉक्टर आले की विचार, गुडघा पूर्ण सरळच ठेवायचा का थोडा वाकवायला परवानगी आहे, आणि असेल तर किती अंश. त्यावर लेग रेस्ट किती वर लॉक करायचं ते ठरतं, अंदाजानं करायचं नाही. दोन, रूममेटला टेप घेऊन तू बसलेली असताना कमरेच्या रुंदीचं माप घ्यायला सांग, घेर नको, सगळ्यात रुंद जागेचं, आणि गुडघ्यामागच्या खोबणीपासून टाचेपर्यंतचं उजव्या पायाचं. रुंदीत दोन इंच मी वाढवून धरतो. दुकान शुक्रवारी आठपर्यंत उघडं आहे, माप आलं की खुर्ची उचलतो.

तुझा,
पप्पा