प्रो आणि हौशी, रस्ता एकच

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या नाशकातल्या डॉ. महाजन बंधूंनी २०१५ला रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिका आरपार सायकल रेस, पूर्ण केली, आता इथल्या सायकलवाल्यांत आयर्नमॅनचं, म्हणजे पोहणं, सायकल, पळणं सलग करायच्या रेसचं, वेडही दिसतं, पण कुणी करून आला की लोक विचारतात, कितवा आलास? अहो, बऱ्याच रेसमध्ये प्रो, म्हणजे व्यावसायिक खेळाडू, त्याच दिवशी त्याच रस्त्यावर असतात! ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल, ४२.२ किमी पळणं, सगळ्यांना सेम. नॉर्वेचा प्रो ब्लुमेनफेल्ट याने २०२१ला मेक्सिकोतल्या कोझुमेलला हे ७ तास २१ मिनिटांत संपवलं, हौशी माणसाला साधारण १७ तास मिळतात. क्रिकेटमध्ये बुमराहसमोर गल्लीतला पोरगा उभा करतील का?

प्रोंना आधी सोडतात, पैसे त्यांना, आपण वयोगटात, ते ठीकच. पण सायकलचा लूप, म्हणजे त्याच रस्त्यावर पुन्हा पुन्हा फेऱ्या, असला की प्रो मागून येऊन आपल्याला गाठतात आणि आपला भिडू रस्त्याच्या मधोमध, पाणी पीत! डावी बाजू धरायची सवय आधी लावा राव.

उद्या गंगापूर धरणाकडे कुणी अशी रेस घेतलीच तर बक्षीस वाटून लगेच मांडव काढू नका, शेवटचा गडी येईपर्यंत थांबा.

- एक हौशी, गंगापूर रोड, नाशिक