बाबांच्या पहिल्या फोडणीसाठी

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, आईच्या मनगटाचं प्लास्टर निघेपर्यंत स्वयंपाक तुम्ही करणार, हे फोनवर ऐकलं आणि मला फार बरं वाटलं. आई, तू ओट्यापाशी खुर्ची टाकून बस आणि नुसतं सांग. हात लावू नकोस, अगदी डब्याचं झाकण उघडायलाही नको.

बाबा, फळीवरच्या सगळ्या बरण्यांकडे इतक्यात बघू नका. मिसळणाचा डबा तेवढा घ्या. मोहरी, जिरं, हळद, तिखट, धनेपूड, गोडा मसाला आणि वेगळ्या डबीतला हिंग, एवढ्यावर रोजचं वरण, भाजी, उसळ सगळं होतं. गरम मसाला राहू दे.

खरं काम फोडणीचं आहे आणि तिच्यात क्रम सांभाळावा लागतो. तेल तापलं की आधी दोन-चार मोहऱ्या टाकून बघा. लगेच तडतडल्या तरच बाकीची मोहरी घाला, नाहीतर ती कच्ची राहून कडवट लागते. तडतड ओसरली की जिरं. ते फुललं की गॅस बारीक करून हिंग आणि कढीपत्ता. हळद-तिखट सगळ्यांत शेवटी, कारण ती पूड असते, क्षणात जळते आणि जळलेल्या फोडणीचा कडूपणा मग कशानेच जात नाही. पण घालायची ती तेलातच, कारण दोन्हींचा रंग तेलात उतरतो. म्हणून चिरलेली भाजी आधीच हाताशी ठेवा आणि हळद पडली की लगेच वर टाका.

कढीपत्ता धुतल्यावर नीट पुसून घ्या. ओला घातला की तेल उडतं, आणि मला काळजी तुमच्या हातांची आहे.

हिंग चिमूटभरच. तो एका झाडाच्या मुळातला वाळवलेला चीक, वास फार उग्र. तुम्हाला अशी माहिती आवडते म्हणून सांगते, आपल्याकडचा हिंग मुख्यतः अफगाणिस्तान-इराणकडून येत आला. २०२० मध्ये हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात त्याची रोपं लावली गेली.

गोडा मसाला फोडणीत नको. त्यात भाजलेले धने, तीळ, खोबरं, दगडफूल असं सगळं असतं, पुन्हा तापल्या तेलात पडलं तर करपतं. आमटीला उकळी आली की चमचाभर घाला, सोबत आमसूल आणि गुळाचा खडा. कोथिंबीर गॅस बंद केल्यावर. तिची कोवळी देठंही चिरून घाला, वास त्यांनाही छान असतो.

मेथीदाणे, ओवा, तमालपत्र नंतर बघू. आधी आठवडाभर वरण आणि एक सुकी भाजी करा. रविवारी सकाळी मी व्हिडिओ कॉल लावते, तेव्हा मिळून आमटी करू. तूरडाळ तेवढी आधी भिजवून ठेवा.

तुमची लेक