अंबाजोगाईच्या मेकॅनिक चाचांना, तुमच्या चष्म्याबद्दल

चाचा, सलाम.

त्या दिवशी निघताना तुम्ही फडक्याला हात पुसत 'या आता' म्हणालात आणि मी नुसती मान हलवली. तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, म्हणून आता लिहितोय. तुमचा नातू सारखा मोबाइलमध्ये असतो, तो वाचून दाखवेलच.

आईला योगेश्वरीच्या दर्शनाला लातूरहून आणलं होतं, वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीतून. वडील गेले तेव्हापासून गाडी आयडलला टिकत नव्हती. पळताना ठीक, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की बंद. वर्षभरात तीन गॅरेजं झाली. एकानं कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात, तार घातली, तेव्हापासून पेट्रोल नुसतं ढोसायची आणि प्लग काजळीनं काळे. दुसऱ्यानं आयडलचा स्क्रू असा पिळला की जागेवर उभी राहून ट्रॅक्टरसारखी गरजायची. 'झालं काम' म्हणून त्यानं वर पैसेही घेतले. तिसरा तर लॅपटॉप जोडायला जागाच नाही म्हणून हसला. 'भंगारात घाला,' म्हणाला, आई मागच्या सीटवर बसलेली असताना.

तुम्ही आधी आईला सावलीत खुर्ची दिलीत. मग कान तिरका करून इंजिन ऐकलंत, कार्बोरेटरच्या बुडाशी ऑइलचे दोन थेंब सोडलेत, आणि आवाज घटकाभर सुधारला. "खालून हवा खायलीय. पॅकिंग गेलंय." वर्षभराचं दुखणं दोन थेंबांत सापडलं. पण मला आठवतं ते त्याच्या पुढचं.

सोलेक्स कार्बोरेटर उघडून तुम्ही जेट तळहातावर ठेवलंत आणि पत्र्याच्या डबीतून तसंच दुसरं काढलंत. दोन्हींवर आकडा एकच. तो आकडा म्हणजे भोकाचं माप, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, हे पन्नाशीला आल्यावर मला पहिल्यांदा कळलं. "उन्हाकडं धरून बघा." मी धरलं, पण दिसेना. माझा चष्मा घरी राहिलेला. तेव्हा तुम्ही स्वतःचा काढलात, एका काडीला दोरा गुंडाळलेला, काचेवर ऑइलचं बोट उमटलेलं, आणि पोराला घालावा तसा माझ्या नाकावर चढवलात. मग दिसलं. तुमच्या जेटचं भोक गोल, स्वच्छ. माझ्याचं कडेनं ओरबाडलेलं, लांबट.

चाचा, आजवर प्रत्येकानं मला बिल दाखवलं होतं. बिघाड कुणीच दाखवला नव्हता.

मी चिडून त्या तारवाल्याला शिवी हासडली, तर तुम्ही म्हणालात, "घाईत झालं असंल त्याच्याकडून." तुमच्या धंद्यात दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवूनच गिऱ्हाईक धरतात म्हणे. तुम्हाला ते सुचलंही नाही. आणि डबीतल्या त्या जेटचे पैसे विचारले तर, "माझ्याकडं पडूनच होतं की."

पुढचं काय ते तुमचं तुम्हाला माहीत. इंजिन गरम होऊ दिलंत, हवा-पेट्रोलच्या मिक्श्चरचा स्क्रू हळूहळू आत-बाहेर केलात, मला सायलेन्सरमागं हात धरायला लावलात. धाप लागल्यासारखे येणारे झटके एकसारखे झाले आणि आई खुर्चीतून म्हणाली, "ह्यांच्या वेळेसारखा आवाज आला." तुम्ही तिच्याकडं बघितलंत आणि स्क्रू तिथंच सोडलात.

परवा प्लग काढून बघितले. मारीच्या बिस्किटासारखा रंग आलाय. खराब जेट डॅशबोर्डच्या खणात ठेवलंय, फेकवत नाही.

इथेनॉलच्या पेट्रोलनं जुना रबरी पाइप आतून सोलतो म्हणालात ना, तो नवीन आणलाय. (इथेनॉल उसाचंच; आमच्याच भागातला ऊस आणि आमच्याच गाड्यांचे पाइप!) बसवायचा मात्र तुमच्याच हातानं. पुढच्या गुरुवारी येतो. आईनं तुमच्यासाठी करडईचं तेल काढून ठेवलंय, आणि मी चष्म्याची काडी बसवून देणारा एक माणूस गाठलाय. तेवढा वेळ माझा चष्मा वापरा.