पोटऱ्या आवळ, पक्या

प्रिय पक्या,

दीड वर्षात तुला एक ओळ लिहिली नाही. का, ते तुला ठाऊक आहे. मधूच्या लग्नात पंगतीत तू म्हणालास, "सरांना मठ्ठ्याचा वाससुद्धा येत नाहीये, चालही बघ, मेंदूच्या डॉक्टरला दाखव." आणि मी सगळ्यांदेखत तुझ्यावर ओरडलो, "औषधाची बॅग फिरवून कुणी डॉक्टर होत नाही!" तुझंच खरं निघालं. नानांना, म्हणजे तुझ्या सरांना, कंपवात (पार्किन्सन) आहे. आता काय हसायचं ते हसून घे आणि पुढं वाच.

माझी शुगर आहे तिथंच आहे, आईचे गुडघेही.

हाताच्या थरथरीचं काही नाही रे. नाना पडतात. २६ जानेवारीला खुर्ची नाकारून झेंड्यासमोर सावधान उभे राहिले आणि 'जय हे'ला सरळ खाली. त्याआधी महिनाभर सकाळी पलंगावरून उठायचं टाळत होते, अंधारी येते म्हणत होते. दवाखान्यात खुर्चीत बसवून प्रेशर बघितलं की १४०. मला वाटलं नाटकं. दंडाला धरून ओढून उभं केलंय मी त्यांना, पक्या. दोनदा. आईलाही सांगितलेलं नाही.

मग पुण्याला नेलं. तपासणीआधी चहा बंद, त्यामुळं दारातच वॉर्डबॉयचा उद्धार झाला. टिल्ट टेबल म्हणतात, त्या फळीला पट्ट्यांनी बांधलं. बोटाला चाप, छातीला तारा. आडवे असताना १६८. फळी उभी केली, तिसऱ्या मिनिटाला ११०. वीस उतरलं तरी दोष धरतात, इथं अठ्ठावन्न! आणि नाडी ७२ची जेमतेम ७८. डॉक्टरीणबाईंनी कागदावर भागाकार मांडला, नाडी चढली किती भागिले प्रेशर उतरलं किती. अर्ध्याच्या आत आलं की दोष मज्जातंतूंचा. नानांचं आलं ०.१. उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त पाय-पोटाकडं उतरतं. तेव्हा रक्तवाहिन्यांना 'आवळा' हा निरोप ज्यांनी पोचवायचा, त्यांनीच संप पुकारलाय. पंधरा वर्षांचं इसबगोलही बहुधा त्याच संपातलं.

मग एका नळीत पंधरा सेकंद फुंकायचं, काटा ४०वर धरून. "आजोबा, जमेल?" कुणाला विचारतेय बाई! नानांची ती शिट्टी आठवते ना? काटा तसूभर हलला नाही. पण फुंक सोडल्यावर प्रेशरनं जी उसळी मारायची, ती मारली नाही.

आता तुझ्यासाठी. फिजिओची पोरगी शिकवत होती, उभं राहिल्यावर पोटऱ्या आवळा, मांड्या आवळा. नाना माझ्याकडं बघून म्हणाले, "हे मी शिकवायचो. तो काटकुळा उन्हात पडला होता, त्याला." तू रे! सातवीतली, १५ ऑगस्टची तालीम. तोंडावर पाणी मारून ओरडले होते, "गुडघे ताठ नको, पोटऱ्या आवळ!" वर्षभर तुला त्यावरून पिडलं होतं आम्ही. मी बाहेर जाऊन दोन ग्लास पाणी प्यालो.

घोर वेगळाच आहे. आडवं झालं की प्रेशर चढतं, रात्री १८०. ते उतरवायची गोळी द्यावी तर पहाटे मोरीकडं जाताना पडणार. उभं राहायची गोळी उशिरा दिली तर झोपेत आणखी चढणार. म्हणून ती झोपण्याआधी चार तास बंद, आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा. आईनं बारा वर्षं अळणी खाऊ घातलं, आता डॉक्टर म्हणतात मीठ वाढवा. ती लोणच्याची बरणी आपटते. नानांचा चेहरा हल्ली हलत नाही, पण बरणी दिसली की डोळे हसतात.

रोज सकाळी मोजतो : आडवे, मग उभं राहून एक मिनिट, तीन मिनिटं. हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर ते स्वतः लिहितात, मुंगीएवढ्या अक्षरात. काल १०२ आलं, तर पुढं शेरा, 'नापास'.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? पिंकी यंदा बारावीला? घर विकलंस म्हणे. बॅग अजून फिरवतोस का? रात्रीच्या १८०चं तुझे डॉक्टर लोक काय करतात ते विचारून कळव.

फोन कर, पण अकराच्या सुमारास. जेवल्यावर प्रेशर आणखी पडतं, तेव्हा नाना बोलत नाहीत. आवाज बारीक झालाय त्यांचा, उत्तर येईपर्यंत थांब जरा.

तुझा,
सुध्या

ता. क. मठ्ठ्याचं माझं चुकलं.