साताऱ्याचा उतार

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला साताऱ्यावरचा लेख दोनदा वाचला. राजधानी, गादी, कंदी पेढे, कासची फुले, सगळे आले. 'सात डोंगरांच्या कुशीत' हेही आले. ते सात डोंगर नक्की कोणते, यावर आमच्या आळीत आजवर एकमत झालेले नाही. अजिंक्यतारा, यवतेश्वर, जरंडेश्वर, सज्जनगड, पेढ्याचा भैरोबा इथपर्यंत सगळे बरोबर येतात; उरलेले दोन ज्याला आपल्या गच्चीवरून जे दिसतील ते. अजिंक्यतारा गडाला सात तट होते म्हणून सातारा, असे सांगणारेही भेटतात. ते असो. माझी तक्रार एवढीच, की लेखात डोंगर आला, पण त्याचा उतार आला नाही. आणि आमचे अख्खे गाव त्या उतारावर आहे.

मी माची पेठेत राहतो. गडाच्या अगदी पायथ्याची ही पेठ. दारातून बाहेर पडले की पाय आपोआप उत्तरेकडे, म्हणजे खाली वळतात; येताना पिशव्या घेऊन चढायचे असते, तेव्हा इतिहास गुडघ्यांत जाणवतो. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे येणारे रस्ते पूर्व-पश्चिम, उताराला आडवे पडलेले. 'वरचा रस्ता' आणि 'खालचा रस्ता' ही नावे त्यातूनच आली. पाट्यांवर राजपथ आणि कर्मवीर पथ असे लिहिले असले, तरी रिक्षावाल्याला आम्ही वरचा-खालचाच सांगतो. त्यांना जोडणारे बोळ मात्र थेट उताराचे. पावसाळ्यात गडावरचे पाणी याच बोळांनी आणि ओढ्यांनी वेण्णेकडे धावते. पुढे संगम माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते.

गड जुना, बाराव्या शतकातल्या शिलाहार भोज राजाचा म्हणतात. शिवाजी महाराजांकडे तो १६७३ साली आला. १६९९च्या अखेरीस औरंगजेबाने वेढा घातला, तेव्हा बादशहाचा तळ उत्तरेला करंजे गावाजवळ होता. आज करंजे शहरातच जमा आहे; तिथे फ्लॅट घेणाऱ्यांना हे ठाऊक असते की नाही कोण जाणे. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी साडेचार महिने गड लढवला. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी सुरुंग उडवला, तर तट ढासळला तो बाहेरच्या अंगाला, म्हणजे उतारावर हल्ल्यासाठी दाटीने थांबलेल्या त्यांच्याच फौजेवर. शेकडो माणसे गाडली गेली. गड अखेर गेला आणि काही काळ 'आझमतारा' झाला, पण त्या दिवशी उतार मराठ्यांच्या बाजूने लढला, असे मी नातवाला सांगतो.

शिवाजी महाराजांचे नातू शाहू महाराज यांचा राज्याभिषेक १२ जानेवारी १७०८ला झाला. पुढे राजधानी गडावरून खाली उतरली, शाहूनगर वसले, वारांच्या नावाने पेठा पडल्या. लेखाने इथे दोन वाक्यांत पुढे उडी मारली, आणि नेमके इथेच थांबायला हवे होते. राजधानी म्हटली की माणसे आली, हत्ती-घोडे आले, आणि त्या सगळ्यांना उन्हाळ्यात पाणी लागते. गडावरची तळी त्याला पुरणारी नव्हेत. वेण्णा आणि कृष्णा खाली खोल. तिथून पाणी चढवणार कोण? म्हणून पाणी आणले पश्चिमेच्या उंच अंगाने, यवतेश्वराच्या डोंगरातून, खापरी नळांनी, नुसत्या उतारावर सोडून. पाणी हौदात यायचे, हौद भरला की पुढे जायचे. महादऱ्याचे तळे, मंगळवार तळे, मोती तळे, कमानी हौद ही नावे आज बसथांब्यांसारखी वापरली जातात. मुळात ती एका पाणीव्यवस्थेची ठिकाणे आहेत. इंग्रजी अमदानीत कासचा तलाव झाला तोही याच हिशेबाने. कास शहरापेक्षा कितीतरी उंचावर. वीस-पंचवीस किलोमीटरचे अंतर पाणी पंपाशिवाय काटते. आधी उघड्या पाटाने यायचे, आता बंद नळाने येते.

यवतेश्वराकडेच का बघायचे, याचे उत्तर पावसात आहे. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. साताऱ्यात येईतो तो हजाराच्या आसपास उरतो, आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. एका जिल्ह्यात, एस.टी.ने सकाळी निघून दुपारी पोचाल एवढ्या अंतरात. सातारा या चढत्या-उतरत्या हिशेबाच्या मधोमध बसला आहे. पश्चिमेच्या माथ्यावरचा जांभा हा तांबडा, सच्छिद्र दगड पावसाचे पाणी धरतो आणि सावकाश सोडतो. खालचा काळा बेसाल्ट ते सहज मुरू देत नाही, म्हणून दोहोंच्या सांध्यावर झरे फुटतात. भूगोलाच्या तासाला हे मी तीस वर्षे फळ्यावर काढले. मुले वहीत उतरवून घेत आणि घरी जाऊन नळ सोडत.

त्या नळाचाही इतिहास सरळ नाही. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातल्या शाळेत दाखल झाले. आज तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. साताऱ्यातल्या शाळेच्या दिवसांबद्दल त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे, की तहान लागली तरी नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपाई असेल तर तो नळ सोडणार, शिपाई नसेल तर पाणी नाही. डोंगरावरून इतक्या लांब आलेले पाणी शेवटच्या हातभर अंतरावर अडत होते. आपल्या लेखात शाळेचा फोटो आहे, ही ओळ नाही.

१८४८ साली डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले, हे लेखात नीट आले आहे, त्याबद्दल आभार. गादीची बाजू मांडायला लंडनला गेलेल्या रंगो बापूजींचा उल्लेखही आवडला.

२०२४च्या जुलैत साताऱ्याच्या संग्रहालयात लंडनहून वाघनखे आली, तेव्हा रांगा लागल्या. मीही रांगेत होतो. ती नखे तिकडे गेली साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याच्या घराण्याकडून, त्यामुळे वस्तू एका परीने माहेरी आली होती. पण त्या रांगेतले किती जण पुढे चालत कमानी हौदापर्यंत गेले असतील? हौदाचे पाणी कुठून यायचे, हे सांगणारा नकाशा कुठेही लावलेला मला दिसला नाही.

आता मुद्द्याचे. आमच्या वरच्या अंगाला उतार कापून बांधकामे होत आहेत. गेल्या पावसाळ्यात माझ्या तळघरात गुडघाभर पाणी आले. घर तीन पिढ्यांचे, असे कधी झाले नव्हते. वर चौकशी केली, तर ओढ्याचे पात्र एका भिंतीने अर्धे झालेले. भिंत बांधणाऱ्याने मला शांतपणे विचारले, "काका, इथे ओढा होता कुठे?" कागदावर त्याने दाखवला नव्हता, हे खरे. यवतेश्वर घाटात पावसाळ्यात दरड आली की दोन दिवस बातमी होते. दरड का आली हे कुणी विचारत नाही.

माझी विनंती आपल्याला आहे, कार्यालयांना अर्ज देऊन झाले आहेत. पुढच्या पुरवणीत गादीची वंशावळ छापण्याऐवजी एक पान साताऱ्याच्या ओढ्यांना, तळ्यांना आणि हौदांना द्या. नकाशा काढायला माझ्याकडे जुनी टिपणे आहेत, पायी फिरून केलेली. मुले पाठवलीत तर मी त्यांच्यासोबत महादऱ्यापासून खालच्या रस्त्यापर्यंत यायला तयार आहे. उतरताना मला त्रास होत नाही. परतीला रिक्षा करावी लागेल.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
माची पेठ, सातारा