वायरमन भाऊ, तुम्ही आमच्या सासूबाईंचं ऐकून घेतलंत

भाऊ, नमस्कार.

मोबाइलवर लांबलचक वाचायचा तुम्हाला कंटाळा आहे, ठाऊक आहे. लेकीकडून वाचून घ्या. समोर आभार मानायला गेले तर "त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही गाडीला किक मारलीत, आणि माझं बोलणं राहूनच गेलं.

लातूरचा मे महिना, पण आमच्या सासूबाई कूलरजवळ जायला भ्यायच्या. पाणी भरताना हाताला मुंग्या येतात म्हणायच्या. आधी जो मिस्त्री आला त्यानं प्लग उघडून दोन वायरींची अदलाबदल केली, "आता बघा" म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. दुकानदारानं ऐकवलं, "पाण्याची वस्तू आहे, थोडं लागणारच." थोडं लागणारच! करंट म्हणजे काय ठेच्यातली मिरची आहे? पाहुण्यारावळ्यांनी तर वयावर ढकललं, म्हातारपणी होतात म्हणे भास. शेवटी सासूबाईंनी तो विषयच काढायचं सोडलं.

तुम्ही आलात ते कूलरकडं न जाता आधी त्यांच्यापुढं उकिडवे बसलात. "मावशी, नेमकं कुठं हात लावल्यावर? अनवाणी असताना का चप्पल घातल्यावर?" फरशी पुसल्यावर, ओल्या शहाबादीवर उभं राहिलं की जास्त, असं त्यांनी सांगितलं. मग तुम्ही टेस्टर कूलरच्या पत्र्याला टेकवलात. उजेडात काही दिसेना, तर खिशातली दस्ती काढून सावली धरलीत आणि वाकून बघायला त्यांनाच बोलावलंत. लाल ठिपका पेटला होता. "मावशी, तुमचं खरं होतं. भास नव्हता हा." हे तुम्ही सगळ्यांदेखत, मुद्दाम मोठ्यानं बोललात. सासूबाई आता येईल-जाईल त्याला हे वाक्य ऐकवतात, आणि ऐकवताना तुमच्यासारखाच आवाज चढवतात.

पुढचं काम तुमचं तुम्हाला माहीत. मला कळलं ते एवढंच की सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकामागं अर्थिंगची वायरच नव्हती. नुसतं शोभेला भोक! पंपाची वायर घासून पत्र्याला टेकलेली, जमिनीत जायला करंटला दुसरी वाट नाही, म्हणजे ओल्या पायांच्या माणसातूनच जाणार. "पण एमसीबी आहे की," आमचे हे म्हणाले. तेव्हा तुम्ही सांगितलंत की 16 अँपिअरची एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. माणूस जायला त्याचा शंभरावा हिस्साही पुरतो. करंट गळाला की लगेच वीज तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवलीत आणि तिचं टेस्टचं बटण महिन्याला दाबून बघायचं काम सासूबाईंकडं दिलंत. त्यांनी कॅलेंडरवर खूण करून ठेवलीय.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, ती कोरडी पडली की अर्थिंग नावालाच उरतं, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत जा म्हणालात. मी मनात म्हटलं, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं हे गाव, इथं मातीला कोण पाणी पाजणार! तर तुमचं उत्तर तयार होतं, कूलरचं शिळं पाणी ओता. आणि ते उपसायच्या आधी प्लग काढायचा, हे दोनदा बजावलंत.

हुशार कारागीर लातुरात ढिगानं आहेत हो. पण बाईमाणूस काही सांगायला लागलं की "घरात गडीमाणूस कुणी आहे का?" म्हणणारेच जास्त भेटतात. दवाखान्यात तेच, बँकेत तेच. ज्याला त्रास होतोय त्यालाच सरळ विचारावं, एवढ्याला काय मोठी पदवी लागते? तरी विचारत नाहीत. तुम्ही विचारलंत.

आता एक काम आहे. शेजारच्या वहिनींनी कपडे वाळत घालायची लोखंडी तार पत्र्याच्या खांबाला बांधलीय, आणि त्याच खांबावरून त्यांच्या मोटारीची वायर गेलीय. नायलॉनची दोरी बांधा म्हणून मी सांगून थकले, तुम्ही सांगितलं तर ऐकतील. मृग लागायच्या आत एक चक्कर मारा. सासूबाई धपाटे करणार आहेत, या खेपेला नुसत्या चहावर सुटका नाही.

तुमची,
कूलरवाल्या मावशींची सून